५एक्स मॅक्रो लेन्स आणि मिररलेस: संत्र्याच्या नवतीवरचा सायला टिपायचाय, मदत हवी

गोरेवाडा_रोड
मंडळी, जरा लांबलचक लिहून राहिलो, वाचून घ्या. फुल फ्रेम मिररलेस बॉडी आधीपासूनच आहे, २४ मेगापिक्सेल. आता त्यावर लाओवाची २५ मिमी एफ/२.८ वाली, २.५ ते ५एक्सची लेन्स घेतली, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाच्या अडीच ते पाच पट मोठी पडते. तिला फोकस रिंग नाही, जी एक रिंग आहे ती फिरवली की मॅग्निफिकेशन बदलतं आणि फोकससाठी अख्खा कॅमेराच मागेपुढे करावा लागतो, ऑटोफोकस नाही, अ‍ॅपर्चर हातानं, हे सगळं माहीत असूनच घेतली, त्याबद्दल तक्रार नाही.

विषय असा की काटोलकडे माझ्या साळ्याची संत्र्याची बाग आहे, अंबिया बहराची नवती म्हणजे कोवळी पालवी फुटून राहिली आणि त्यावर सायला, तो रस शोषणारा बारीक किडा, दिसून राहिला. त्याची पिल्लं टिपायची आहेत, ती पांढरे मेणाचे धागे सोडतात तीच, आणि जमलं तर अंडीही. साळा म्हणते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नीट मोठा फोटो गेला तर लोक फवारणीच्या आधी शेंडे उघडून पाहतील तरी.

आता अडचण. ५एक्सला व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं अंधारं आणि दाणेदार दिसते, पिल्लू सापडता सापडत नाही, सापडलं की श्वास घेतला तरी फ्रेममधून बाहेर. एफ/८ केलं तर आणखीच काळोख, आणि फोटो मऊ येते. सुरुवात कुठून करू?

शटरपलीकडे
सुरुवात रिंगपासून कर भाऊ, ती २.५ वर आण आणि काही दिवस तिथंच राहू दे.

काऊन ते सांगतो. लेन्सवर लिहिलेलं अ‍ॅपर्चर आणि सेन्सरपर्यंत पोचणारं अ‍ॅपर्चर या अंतरावर वेगळं असतं. ढोबळ हिशेब सोपा आहे, मॅग्निफिकेशनमध्ये एक मिळव आणि त्यानं लिहिलेल्या आकड्याला गुण. म्हणजे ५एक्सला एफ/४ लावलं तर प्रत्यक्षात तू एफ/२४ वर आहेस, उजेड ३६ पटीनं कमी झाला म्हणजे पाच स्टॉपच्या वर गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एफ/८ केलं की एफ/४८. तिथं डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेडाचं पसरणं, इतकं वाढतं की सगळं मऊच येणार, लेन्स कितीही चांगली असो. म्हणून ५एक्सला एफ/२.८ ते एफ/४ याच्या पुढे जायचंच नाही. २.५ला मात्र एफ/४ म्हणजे एफ/१४, एफ/५.६ म्हणजे जवळपास एफ/२०, तिथं तुला थोडी मोकळीक मिळते.

आता डेप्थ, म्हणजे टोकदार दिसणारी खोली. एफ/४ धरला तर ५एक्सला साधारण ०.०६ मिमी, २.५ला ०.१३ मिमीच्या आसपास. दुप्पट झाली ना सरळ. आणि फ्रेम, ५एक्सला तुझ्या सेन्सरमध्ये फक्त ७.२ बाय ४.८ मिमीचा तुकडा मावतो, २.५ला १४.४ बाय ९.६. पिल्लू सापडत नाही ते यामुळेच. आधी २.५ वर शोध, फ्रेममध्ये बसव, मग हवं तर रिंग वर ने. रिंग फिरवली की लेन्स लांब होते आणि पुढच्या काचेपासून विषयाचं अंतरही थोडं बदलतं, ४५ मिमीवरनं ४० वर येतं, त्यामुळे रिंग फिरवल्यावर पुन्हा सरकून फोकस आणायचाच.

कॅमेऱ्यात दोनतीन गोष्टी बघ. लेन्सला कॉन्टॅक्ट नाहीत म्हणून लेन्सशिवाय शटर सोडायची परवानगी मेनूतून चालू पाहिजे, ती केलीच असशील. दुसरं म्हणजे एक्सपोजरचा परिणाम व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारा पर्याय बंद कर. सोनी, कॅनन, निकॉन तिघांतही तो आहे, नावं वेगवेगळी. फ्लॅश मॅन्युअल वापरताना तो चालू ठेवला तर स्क्रीनवर काळंच दिसेल, कारण फ्लॅशचा उजेड पडणार हे कॅमेऱ्याला त्या क्षणी माहीत नसतं. तिसरं, सायलेंट म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर फ्लॅशसोबत बहुतेक बॉडींत चालत नाही. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन ठेव, शटर १/१६० किंवा १/२००.

गोरेवाडा_रोड
दादा, ते व्ह्यूफाइंडरवालं सेटिंग चालूच होतं, आता बंद केलं, एकदम फरक पडला. पण बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे त्याचं काय? त्याला फोकल लेंथ २५ टाकून ठेवली आहे.

शटरपलीकडे
राहू दे चालू, व्ह्यूफाइंडर थोडा शांत दिसतो. पण त्याच्या भरवशावर राहू नको. ती यंत्रणा मुख्यतः कॅमेरा कलण्याचा हिशेब करते, आणि या अंतरावर त्रास होतो तो कॅमेरा आडवा सरकण्याचा आणि पुढेमागे होण्याचा. विषय किती दूर आहे हेही त्या बॉडीला कळत नाही, लेन्स सांगतच नाही तर. पुढेमागे होण्यानं फोकस जातो, ते तर कुठलंच सेन्सर हलवून वाचवता येत नाही. हलणं थांबवायचं काम फ्लॅशचं.

तेलंखेडी_ताई
मी इथूनच सुरू करते कारण माझ्या मते हा धागा लेन्सचा नाहीच, उजेडाचा आहे. लोक लेन्सवर पैसे घालतात आणि फ्लॅशपुढे टिश्यू पेपर लावून मोकळे होतात. इतक्या जवळून डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा, चांगला असेल तर साधी लेन्सही छान फोटो देते, आणि वाईट असेल तर कीटकाच्या पाठीवर एक पांढरा जळका ठिपका आणि बाकी काळोख.

फ्लॅश कमी पॉवरवर ठेव, १/८, १/१६ असा. स्पीडलाइटमध्ये पॉवर कमी केली की चमक कमी वेळ टिकते, म्हणजे शटर १/२०० असलं तरी खरं चित्र त्याहून कितीतरी छोट्या क्षणात गोठतं. त्यासाठी डिफ्यूझर उजेड फार खाणारा नको आणि विषयाच्या अगदी जवळ यायला हवा. जवळ आला की कीटकाच्या मानानं तो मोठा होतो, आणि मोठा झाला की सावल्या मऊ होतात.

मी बनवते तो असा: सीताबर्डीला कुठल्याही स्टेशनरीत मिळणारी पातळ पांढरी फोम शीट, वाटीच्या आकारात वळवून लेन्सच्या तोंडावर अशी बसवायची की खालची कड लेन्सच्या पुढे दोनअडीच सेंटीमीटर येईल. फ्लॅशच्या डोक्यापासून वाटीपर्यंत काळ्या कार्डशीटचा बोगदा, आतून चांदीचा कागद. बोगदा आणि वाटी यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा एक थर, शीटपासून बोटभर अंतर सोडून. ते अंतर महत्त्वाचं, दोन थर एकमेकांना चिकटवले तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही. लाओवा २५चं तोंड निमुळतं आहे, त्यामुळे ४० मिमीवरसुद्धा उजेड आत शिरायला जागा राहते, जाड तोंडाच्या लेन्सला हे जमत नाही.

आणि एक छोटा एलईडी, फोकसपुरता, कॅमेऱ्याच्या बाजूला. व्ह्यूफाइंडर दाणेदार होतो आणि मागे रेंगाळतो तो उजेड कमी म्हणून. एफ/२४ला तो एलईडी फोटोत दिसणारही नाही.

जुनी_शुक्रवारी
हे सगळं बरोबर आहे पण मी वेगळं बोलतो. ज्याला बागेत फिरून जिवंत किडा टिपायचा आहे त्याला ५एक्सची मॅन्युअल लेन्स कायले पाहिजे? आता मिररलेसमध्ये ऑटोफोकसवाल्या चांगल्या मॅक्रो आहेत. कॅननची आरएफ १०० मिमी १.४एक्सपर्यंत जाते. ओएम सिस्टीमची ९० मिमी एफ/३.५ २एक्सची आहे, सेन्सर छोटा असल्यामुळे फ्रेममध्ये जेमतेम ८.६ मिमी रुंदी येते, दोन पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला की खरं ४एक्स, आणि फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत ओळीनं फ्रेमा काढणं, कॅमेराच करतो. हातात धरून. या २५ मिमीवर ते होतच नाही कारण कॅमेरा फोकस हलवणार कसा, मोटरच नाही.

आणि ज्याच्याकडे ७०-३०० पडली आहे त्यानं रेनॉक्स डीसीआर-२५० हे क्लोजअपचं भिंग समोर लावावं, फोकस अनंतावर ठेवून ३०० मिमीला २.४एक्सच्या आसपास मिळते. स्वस्तात होते, आणि पटकन काढता येते.

शटरपलीकडे
ओएमचं बोलणं मान्य, ज्याला सिस्टीमच नवीन घ्यायची त्यानं तो विचार जरूर करावा. रेनॉक्सही मान्य. पण भाऊंकडे फुल फ्रेम बॉडी आणि लेन्स दोन्ही आहे, त्यांना वेगळं काऊन घ्यायला लावता.

एक मात्र इथं सांगून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. क्रॉप मोड लावला म्हणून मॅग्निफिकेशन वाढत नाही, कडा कापल्या जातात फक्त. आणि ६१ मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर ५एक्सला जास्त तपशील मिळेल असंही नाही. २४ मेगापिक्सेलवर ५एक्सला एक पिक्सेल म्हणजे पानावरचा १.२ मायक्रॉन, आणि एफ/२४च्या डिफ्रॅक्शनचा ठिपका सेन्सरवर ३० मायक्रॉनच्या वर पसरतो, म्हणजे पानावर सहाच्या पुढे. मर्यादा लेन्सच्या भोकाची आहे, सेन्सरची नाही. उलट ओएमसारख्या छोट्या सेन्सरवालेही इथं काही गमावत नाहीत.

बागाईतदार_कळमेश्वर
फोटोतलं मले जास्त समजत नाही पण बागेतलं समजते म्हणून लिहितो.

सायल्याची अंडी म्हणजे पिवळी नारिंगी, बदामाच्या आकाराची, अजून न उघडलेल्या कोवळ्या पानाच्या घडीत खोचून ठेवलेली. ०.३ मिमी. जून पानावर शोधत बसाल तर भेटणार नाही. शेंडा पहा, पिसासारखी बंद असते ते पान. पिल्लं बी तिथंच देठाले आणि शेंड्याले चिकटून राहते, चपटी, पिवळसर. मोठा सायला तीनचार मिमीचा, भुरकट ठिपक्याचा, बसते तेव्हा मागचा भाग ४५ अंशात वर असते, एवढ्यावरच ओळखू येते. ग्रीनिंग हा संत्र्याचा रोग हाच पसरवते म्हणून आमाले भेव.

आता विनंती. बागेतून शेंडे तोडून घरी फोटोसाठी नेऊ नका. किडा संगं जाते आणि दुसऱ्याच्या झाडावर बसते. घरी शिकायचं असन तर कुंतीचं, त्या पांढऱ्या सुवासिक फुलाच्या झुडपाचं, कुंपण पहा. नागपुरात गल्लीगल्लीत कुंती हाय, सायल्याले ते झाड संत्र्याइतकंच आवडते.

दुसरी गोष्ट. ग्रुपवर जो फोटो टाकान त्यात नुसता किडा मोठा दाखवान तर शेतकरी म्हणन हे तर आमच्याकडे नाहीच, कारण त्यानं तो एवढा मोठा कधी पाहिला नाही. मागच्या टायमाले एकानं असाच मोठा फोटो टाकला, अर्ध्या ग्रुपनं तो मिलीबग समजला. माणूस बागेत जाते ते डोळे आणि फार तर १०एक्सचं भिंग घेऊन. त्याले दिसन तसं दाखवा.

गोरेवाडा_रोड
दादा हे फार कामाचं सांगितलं. कुंती आमच्या कंपाउंडलाच आहे, आज सकाळी पाहिलं, शेंड्याला पांढरे धागे आहेत!! काटोलला जायच्या आधी इथंच हात बसवतो.

पण मग ५एक्स काढायचंच नाही का?

तेलंखेडी_ताई
काढायचं ना, पण कशासाठी ते ठरवून. दादा म्हणतात ते अगदी पटलं. एका किडीचे तीन फोटो दे. पहिला मोबाइलनं, अख्खा शेंडा, बोटासकट, म्हणजे माणसाला कुठं बघायचं ते कळतं. दुसरा २.५ वर, चारपाच पिल्लं आणि त्यांचे मेणाचे धागे एका फ्रेममध्ये, साधारण दीड सेंटीमीटरचा तुकडा. ओळख पटते ती या फोटोवर. तिसरा ५एक्स, अंड्यांचा. ०.३ मिमीचं अंडं ५एक्सला तुझ्या २४ मेगापिक्सेलमध्ये अडीचशे पिक्सेलचं येतं, २.५ला सव्वाशे. तिथं मोठं मॅग्निफिकेशन खरंच लागतं.

आणि प्रत्येक वेळी रिंग न हलवता, त्याच सेटिंगला स्टीलच्या पट्टीच्या मिलीमीटर रेषांचा एक फोटो घेऊन ठेव. नंतर त्याच मापाची रेघ प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात टाकता येते. लेन्सवरचा आकडा वाचून अंदाज बांधू नकोस, रिंग मधे कुठंतरी असते.

सेमिनरी_हिल्स
स्टॅकिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेमा जोडून एक फोटो करण्याबद्दल, कोणी बोललंच नाही म्हणून. ५एक्सला पूर्ण पिल्लू डोळ्यापासून शेपटीपर्यंत टोकदार पाहिजे असेल तर एका फ्रेममध्ये ते होणं नाही. मोठं पिल्लू दीड मिमीच्या वर जातं, वरनं चपटं दिसत असलं तरी पानाच्या वळणावर बसलेलं असतं, समजा १ मिमी खोली धरली आणि फ्रेमा एकमेकींवर चढाव्यात म्हणून ०.०३ मिमीचा टप्पा घेतला तर तीसपस्तीस फ्रेमा झाल्या. हे रेलवर, म्हणजे स्क्रूनं कॅमेरा पुढेमागे सरकवणाऱ्या पट्टीवर, घट्ट स्टँडवर, घरात पंखा बंद करून. स्क्रू एका फेऱ्यात १ मिमी सरकत असेल तर ०.०३ म्हणजे जेमतेम ११ अंश, म्हणून स्क्रूच्या मुठीवर कागदाची गोल तबकडी चिकटवून त्यावर खुणा करून घ्यायच्या. जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर हे सॉफ्टवेअर.

जिवंत पिल्लावर हे करू नका. हलतं ते. पण कात चालते! सायल्याचं पिल्लू पाच अवस्थांतून जातं आणि काती शेंड्यालाच चिकटून राहतात. कात हलत नाही, वाळत नाही, हवा तेवढा वेळ मिळतो. आणि घरात सतत उजेडावर काढत असाल तर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर लावा, शून्य थरथर. फक्त एलईडीच्या पट्ट्या येतात का ते एक फ्रेम काढून बघा.

काही लोक किडा फ्रीजमध्ये ठेवून थंड करतात, मग स्टॅक. मला ते मुळीच मान्य नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे फुकटची थंडी आहे, सूर्य उगवून अर्ध्या तासात जा, सगळं जागच्या जागी बसलेलं असतं, वारंही पडलेलं असतं. मे महिन्यात हे विसरा.

जुनी_शुक्रवारी
फ्रीजचं एकदम बरोबर बोलले. आणि हातात धरून काढायची पद्धत कोणी सांगा ना भाऊला, बागेत रेल घेऊन कुठं फिरणार.

शटरपलीकडे
सांगतो. डाव्या हाताच्या चिमटीत शेंड्याचा देठ धरायचा, तोडायचा नाही, नुसता धरायचा. मग लेन्सचं तोंड त्याच डाव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी टेकवायचं. आता फांदी हलली तर लेन्सही सोबत हलते, दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. फोकस आणायला कॅमेरा ढकलायचा नाही, अंगठा किंचित वाकवायचा किंवा सरळ करायचा. उजव्या हाताचं कोपर पोटाला किंवा गुडघ्याला. अर्धा श्वास सोडून, डोळा टोकदार झाला की दाबायचं. पीकिंगचा रंग, म्हणजे फोकसमधल्या कडांवर कॅमेरा दाखवतो तो, कमी संवेदनशीलतेवर ठेव, नाहीतर आख्खं पान लाल दिसतं आणि काही कळत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस झूम करून बघायचं हातात धरून सोड, किडा हातचा जातो.

कोन मात्र नीट निवड. डेप्थ इतकी पातळ असताना सेन्सर पिल्लाच्या पाठीला समांतर आणला तर एकाच फ्रेममध्ये बरंच काही टोकदार मिळतं, त्याला पैसे लागत नाहीत. आणि मागे काळं येऊ नये म्हणून पिल्लाच्या मागे सेंटीमीटर दोन सेंटीमीटरवर दुसरं एखादं पान येईल असं बघ, फ्लॅशचा उजेड तेवढ्या अंतरापर्यंत पोचतो, त्याच्या पलीकडे काळोख.

गोरेवाडा_रोड
मंडळी, कुंतीवर जमलं! ताई, तुमच्यासारखीच वाटी बनवली, फोम शीट आणि ट्रेसिंग पेपर, फ्लॅश १/१६, आयएसओ २००, एफ/४, रिंग २.५ वर. पिल्लाच्या मागच्या टोकातून तो मेणाचा धागा वेटोळं घेत निघते आणि त्याच्या टोकाशी गोड चिकट्याचा थेंब असते, थेंबात माझी पांढरी वाटी दिसून राहिली. एक मुंगी येऊन तो थेंब घेऊन गेली तेही एका फ्रेममध्ये आलं.

अजून एक दिसलं ते विचारायचं होतं. एक पिल्लू तपकिरी, फुगलेलं, कडक झालेलं, आणि वरच्या बाजूला गोल भोक. हे काय?

बागाईतदार_कळमेश्वर
जिओ!! छातीच्या बाजूले गोल भोक असन तर ते टामारिक्सियाचं काम. टामारिक्सिया राडिआटा, मिलीमीटरभराची गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी, सायल्याच्या पिल्लाखाली अंडं घालते, अळी पिल्लाले खालून बाहेरूनच चिकटून शोषते आणि त्याची ममी करते आणि तयार माशी ते भोक पाडून निघून जाते. आपला मित्र हाय तो. हाच फोटो ग्रुपवर पहिले टाका. ज्याच्या बागेत अशा ममी जास्त दिसन त्यानं औषध उचलायच्या आधी विचार करावा, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था हाय तिथं शेंड्याचे फोटो दाखवावे. सायल्यासंगं मित्रकिडा मारून टाकला तर पुढच्या नवतीले सायला दुप्पट दिसते, हे बागवाल्यायनं समजून घेतलं पायजे.

तेलंखेडी_ताई
भोकाचा फोटो ५एक्सला काढ आणि वाटी एका बाजूला थोडी सरकव, म्हणजे भोकाच्या कडेला सावली पडेल आणि खोली दिसेल. समोरून सारखा उजेड टाकलास तर तो नुसता काळा डाग वाटतो. ममी हलत नाही म्हणून स्टॅकही करता येईल, पण फांदीवरच कर, शेंडा तोडू नको. आतून माशी निघून गेली असली तरी शेजारच्या ममीत असू शकते.

गोरेवाडा_रोड
करतो ताई. शेवटचं एक, स्टॅक करून पाहिला कातीचा, सेमिनरीवाल्या दादांच्या तबकडीनं मस्त झाला, पण जोडलेल्या फोटोत बारीक राखाडी ठिपक्यांच्या रांगा आल्या, तिरप्या. एका फ्रेममध्ये तर फक्त एखादा ठिपका दिसते.

सेमिनरी_हिल्स
सेन्सरवरची धूळ. एफ/२४ला प्रत्येक कण उमटतो, आणि जोडताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी लहानमोठी करून, सरकवून एकमेकींवर बसवतं, म्हणून एकाच कणाची रांग होते. आधी ब्लोअर मार, तोंड खाली धरून, मग पांढऱ्या कागदाचा एक फोटो बघ. राहिलाच कण तर स्वॅबनं काढ किंवा काढून घे कोणाकडून. आणि बागेत लेन्स बदलू नको, काटोलला जाताना घरूनच लावून जा.